मनगटाचं माप

लेकीनं घड्याळ आणलं तेव्हा मी आधी त्याचा पट्टा उलटा करून शिवण बघितली. शिवण नव्हतीच. रबरासारखा मऊ, एकसंध ओतलेला पट्टा, आणि काजांच्या जागी ओळीनं भोकं. सगळं आयुष्य ब्लाऊज शिवण्यात गेलेल्या बाईच्या हातात काहीही द्या, ती आधी ते कुठं जोडलंय हेच बघणार.

"आई, समोरून बघ की," लेक म्हणाली.

समोरून ते काळं होतं. मनगट वळवलं की उजळायचं. लेकीनं बोट फिरवून त्याचे चेहरे बदलून दाखवले. एकात काटे होते, एकात नुसते आकडे, एकात फुलं उमलत होती. फुलांचं मला हसू आलं, म्हटलं वेळ बघायला फुलं कशाला. पण त्याचे कोपरे मात्र मला फार आवडले. इतके गोल घासले होते की जॉर्जेटच्या पदराचा धागासुद्धा ओढला जाऊ नये. ज्यानं हे काढलं त्याच्या घरात साडी नेसणारी बाई असेल असं वाटत नाही, तरी त्याचा हात बरा होता. पट्टा मात्र त्यानं दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असावा. लावून झाल्यावर उरलेलं शेपूट आत, कातडीच्या बाजूला खुपसायचं. ही कुठली पद्धत? मी असा ब्लाऊज शिवून दिला असता तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकला असता.

हे सगळं मी बोलत होते ते पट्ट्याच्या रंगाविषयी बोलावं लागू नये म्हणून. पट्टा हिरवा होता. पोपटी नाही, शेवाळी नाही. चुड्याचा हिरवा.

"तुझ्या सगळ्या साड्यांवर जाईल," लेक म्हणाली. बेंगळुरूच्या दुकानात तिच्यासमोर काळा, निळा, करडा, सगळे रंग असणार. त्यातून तिनं हिरवा उचलला, कारण तिच्या डोळ्यांना आई आणि हिरव्या बांगड्या लहानपणापासून एकत्रच दिसत आलेल्या. तिला सुचलंच नाही. रागवावं तर काय म्हणून, आणि आनंद मानावा तर तोही होईना. मी हात पुढं केला, तिनं पट्टा लावला, फोटो काढला.

तिचे वडील गेले त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

आमच्याकडं आता बांगड्या फोडत नाहीत. सगळे सुधारलेत. त्या दिवशी माझ्या धाकट्या जावेनं मला न्हाणीघरात पाटावर बसवलं, माझ्या दोन्ही हातांना साबणाचा फेस केला आणि एकेक बांगडी अलगद सरकवून काढली. "अक्का, काच लागंल न्हवं, दमानं घेऊया," म्हणत होती. ती गडहिंग्लजकडची, पहिल्या दिवसापासून मला अक्काच म्हणते. एकही बांगडी तिनं पिचू दिली नाही. सगळ्या अख्ख्या निघाल्या आणि एका पिशवीत गेल्या. ती पिशवी पुढं कुठं गेली, मी विचारलं नाही. ती रडत होती, मी नव्हते. बांगड्या फोडल्या असत्या तर मी निदान ओरडले असते. प्रेमानं काढून घेतल्यावर कुणावर ओरडायचं?

हातात सोन्याचं म्हणाल तर पाटल्या लेकीच्या लग्नात देऊन टाकल्या होत्या. मनगटं उघडी राहिली ती राहिलीच.

लोकांना वाटतं, बाईला बांगड्यांची आठवण येते म्हणजे नटण्याची येते. मला आली ती आवाजाची. आमचे हे एस.टी.वर ड्रायव्हर होते. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यायचे. स्टिअरिंगवर हात असला की घड्याळाचं तोंड आपल्याकडं पाहिजे, पॅसेंजरकडं नको, हा त्यांचा हिशेब. रिटायर झाल्यावर पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे आणि मी घरात कुठं आहे, काय करतेय, ते तिथं बसून त्यांना कळायचं. "पिठात हात घातलास न्हवं? आता फोन आला की मीच उचलायचा," असं बाहेरून ऐकू यायचं. मशीन थांबलं आणि बांगड्या वाजल्या की चहा होणार हे त्यांना ठाऊक. कधी मी मुद्दाम हात आवरून, आवाज न करता मागं जाऊन उभी राहायची, तर पेपर न उतरवता म्हणायचे, "आली बघा मांजर."

ते गेल्यावर घरात मी फिरते ते कुणालाच ऐकू येत नाही, मलासुद्धा. डबे काढते, झाकते, केर काढते, सगळं मुक्यानं. सुरुवातीला मी भांडी आपटून बघितली. भांड्यांचा आवाज वेगळा असतो. तो माणसाचा वाटत नाही.

लेक दोन दिवस राहून गेली. तिला स्टँडवर सोडून आले आणि पहिलं काम केलं ते पट्टा काढण्याचं. मागं एक बारीक बटण असतं, ते दाबलं की पट्टा सरकून हातात येतो. ही सोय मात्र चांगली, बाही उसवायलासुद्धा एवढी सोपी नसते. तो हिरवा पट्टा मी हुकांच्या डब्यात ठेवला. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातून एक साधा काळा पट्टा आणला, त्याच्या टोकांची कडी तेवढी काढून घेतली आणि माझा माझा पट्टा शिवायला बसले. काळपट जांभळ्या खणाचा तुकडा होता, कुणाच्या तरी ब्लाऊजमधून उरलेला. आत कॅनव्हास घातलं, कडेनं बारीक टीप मारली, शेपूट आत खुपसायची भानगड ठेवलीच नाही, सरळ दोन टिचबटणं लावली. माझं मनगट मीच मापलं. एका हातानं दुसऱ्या हाताचं माप घेणं फार अवघड असतं. टेप धरायला कुणीतरी लागतं.

पट्टा झकास झाला. गल्लीत बायका विचारायला लागल्या. आता आमच्या पेठेत घड्याळवाल्या बायका काय कमी आहेत? सकाळी रंकाळ्याला जाऊन बघा. पायात बूट, अंगात साडी नाहीतर पंजाबी, एका हातात डझनभर बांगड्या आणि दुसऱ्यात घड्याळ. दोन्ही एकाच हातात घातलं की काच काचेवर घासते, म्हणून हातांची वाटणी झालेली. नवी नवरी असेल तर दोन्ही हात चुड्यानं भरलेले, मग घड्याळ पार कोपराकडं चढवलेलं, ताईत बांधल्यासारखं. रबराच्या पट्ट्यानं घाम येतो, पुरळ उठतं, ही सगळ्यांची एकच तक्रार. मग मी उरल्यासुरल्या कापडातून पट्टे शिवून द्यायला लागले, ब्लाऊजला मॅचिंग. इरकलीचा काठ लावला की ते परदेशी यंत्र अगदी घरातलं दिसायचं.

आता तुम्ही म्हणाल, बाई गिऱ्हाइकांत असते, तिला एकटं कसलं वाटतं. पूर्वी नव्हतं वाटत. पूर्वी बाई यायची, दार लोटायची, उभी राहायची, हात वर करायची. छातीचं माप, कमरेचं माप, दंडाचं, बाहीचं. टेप अंगाभोवती असताना बायका जे बोलतात ते दुसरीकडं कुठंच बोलत नाहीत. आता कुणी माप देत नाही. मापाचा जुना ब्लाऊज पिशवीत घालतात, पिशवी दाराच्या कडीला अडकवतात आणि फोनवर सांगतात, "काकू, ह्याच मापाचा, गळा तेवढा मोठा घ्या." टेप मात्र अजून माझ्या गळ्यात असते. सकाळी घालते, झोपताना काढते. दिवसभरात ती कुणाच्या अंगाला लागत नाही.

एकटं वाटतं म्हणजे मला काय वाटतं ते सरळ सांगते. माझ्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागत नाही. पैसे फोनवर येतात. दूधवाला पिशवी ठेवून जातो. लेक गळ्यात पडते ती वर्षातून दोनदा. बाकी सगळा काळ माझे हात कापडाला लागतात, भांड्याला लागतात आणि एकमेकांना लागतात.

त्यात हे घड्याळ. ते दिवसभर मनगटाला चिकटून असतं आणि बसून फार वेळ झाला की थरथरतं. ऊठ, जरा उभी राहा. पहिल्या आठवड्यात मला त्याचा खरंच आनंद झाला. म्हटलं, चला, घरात ऊठ म्हणणारं कुणीतरी आलं. मग त्याचा मूर्खपणा कळायला लागला. मी दिवसभर मशीनवर पाय मारून अर्धी होते, पण हात कापडावर स्थिर, म्हणून त्याला वाटतं ही बाई आळशासारखी बसलीय. आणि भाकरी थापायला घेतली की हात हलतात, मग त्याला वाटतं मी फिरायला निघाले. संध्याकाळी लेकीचा फोन येतो, "आई, आज छान चाललीस की." मी म्हणते, व्हय, हवा बरी होती. चार भाकऱ्या थापल्या म्हणून सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, चार कशाला, तू तर एकटी. दोन शेजारच्या म्हशीला जातात. हातालाच सवय आहे दोघांच्या पिठाची.

एका संध्याकाळी दिवा लावायच्या आत पीठ मळायला घेतलं, म्हणून घड्याळ काढून ओट्यावर पालथं ठेवलं. बघते तर त्याच्या पाठीवर हिरवा उजेड. दोन बारीक दिवे, लुकलुकणारे, ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात दिसणारे. इतके दिवस ते माझ्या मनगटावर जळत होते आणि मला पत्ता नाही. पिठाच्या हातानंच मी लेकीला फोन लावला.

"आई, ते ठोके मोजायला असतं," ती म्हणाली. "उजेड कातडीतून आत जातो, रक्त किती वाहतंय ते त्याला कळतं."

"मग हिरवाच का? दुसरा रंग नाही मिळत?"

"हिरवाच लागतो. रक्त लाल असतं ना, ते हिरवा उजेड पिऊन घेतं."

मी हसले. मनात म्हटलं, बाई गं, वरचा पट्टा बदललास, आता आतलं काय करशील? लेक हसली नाही. मग तिनं हळूच विचारलं, "आई, परवाच्या फोटोत बघितलं, तू पट्टा बदललास. मी दिलेला का नाही घातलास?"

"रबरानं खाजतं," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच खाजतं. पुरळ उठलं होतं."

तिनं पुढं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मी घड्याळ परत मनगटावर धरलं, पण लावलं नाही, कातडीपासून बोटभर वर धरलं. हिरव्या उजेडाचा एक गोल माझ्या मनगटावर पडला. पीठ वाळेपर्यंत मी तशीच उभी होते. मला तो रंग तिथं बघायला आवडला, हे कुणाला सांगायचं?

घड्याळाचा खरा उपयोग मला नंतर कळला. कार्यक्रमात गेलं की बायकांची नजर आधी गळ्यावर येते, मग हातावर. उघडं मनगट दिसलं की आवाज खाली येतो, कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोलायला लागतं. घड्याळ घातल्यापासून नजर त्याच्यावर येऊन थांबते. "काकू, कुठलं घेतलंय? पट्टा कुणी शिवला?" माणसं यंत्राविषयी बोलतात आणि मी सुटते. ठोके, पावलं, झोप यासाठी ते घड्याळ कुणी घ्यायचं त्यानं घ्यावं. माझ्यापुरतं ते झाकण होतं, आणि ते काम त्यानं चोख केलं.

यंदा जावेच्या लेकीचं लग्न ठरलं. माझी पुतणी मला मोठी आई म्हणते. सगळ्यांचे ब्लाऊज माझ्याकडंच. तिनं स्वतः येऊन उभं राहून माप दिलं, मला फार बरं वाटलं. जाताना म्हणाली, "मोठी आई, माझ्या घड्याळाला पण पट्टा पाहिजे. हिरवा. चुड्याला मॅच झाला पाहिजे, फोटोत दिसतंय." मी हो म्हटलं. डब्यातला हिरवा पट्टा मी तिला दिला नाही. तो माझ्या हाताला लागलेला. तिच्या हिरव्या शालूच्या ब्लाऊजमधून उरलेल्या कापडाचा नवीन शिवला.

चुड्याच्या आदल्या दिवशी जावेचा फोन आला. चुडा म्हणजे लग्नाआधी बांगडीवाली घरी येते, नवरीचे हात भरते आणि मग घरच्या, भावकीतल्या, गल्लीतल्या सगळ्या बायका ओळीनं बसून बांगड्या भरून घेतात. दिवसभराचा तमाशा असतो, चहा, चिवडा, हसणं.

"अक्का, उद्या सकाळी लई गर्दी असणार बघा," जाऊ म्हणाली. "तुम्ही आपलं दुपारच्याला जेवायलाच या. उगं ताटकळत बसाय नको. तुमची कंबर दुखत्या."

माझी कंबर दुखते हे खरं आहे. पण तिच्या आवाजात तोच साबणाचा फेस होता. मी "बरं" म्हटलं.

फोन ठेवून मशीनवर बसले तर पायच चालेना. मला बांगड्या नको होत्या. उगाच मोठेपणा घ्यायचा नाही म्हणून सांगते, रूढी मोडावी असंही काही मनात नव्हतं. या वयात मला कुणाशी भांडायचं नाही. मला भाभीपुढं बसायचं होतं.

भाभी म्हणजे आमची बांगडीवाली. तिची सासू आमच्या गल्लीत बांगड्या भरायची, मग ती भरायला लागली. माझ्याच वयाची असेल. नागपंचमीच्या आधी आमच्या दारात पेटी उघडून बसायची, पाणी मागायची आणि माझा हात ओढून घ्यायची. "वैनी, सैल सोडा. सैल. हात हाय का वरवंटा?" असं म्हणत अंगठ्याच्या मुळाचं हाड तळव्यात दाबायची, बोटं गोळा करायची, चोळायची, आणि सुनांच्या तक्रारी सांगता सांगता बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. एक डझन बांगड्या भरायच्या तर तेवढा वेळ हात तिच्या हातात. तेव्हा मी "आवर की लवकर, मशीनवर काम पडलंय" म्हणायची. हे गेल्यापासून भाभी गल्लीतून हाक देत येते, माझ्या दारासमोर आली की हाक थांबते आणि पुढच्या दाराशी पुन्हा सुरू होते. ती मला दुखवायला नको म्हणूनच गप्प होते. मी आत मशीन थांबवून ती शांतता ऐकते.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेले. कारण होतंच, नवरीच्या घड्याळाचा पट्टा द्यायचा होता. जावेनं दारात मला बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. "आलात व्हय अक्का," म्हणाली. "बसा की, आत बसा, सोप्यात लई गर्दी हाय." मी आत गेले नाही. पुतणीच्या हातात पट्टा दिला आणि बाहेरच्या खोलीत, सोप्यातच भिंतीला टेकून बसले.

पुतणीचा एक हात कोपराखाली हिरवागार झालेला. दुसरा भाभीच्या हातात. तिनं लगेच घड्याळाला पट्टा लावायला घेतला, तर भाभीनं तिच्या बोटांवर चापट मारली. "चुड्यावर घड्याळ घालतीस? काच पिचली तर मला सांगाय येऊ नको." सगळ्या हसल्या. घड्याळ पुतणीच्या मैत्रिणीकडं गेलं.

मग ओळ सुरू झाली. आत्या, मावश्या, शेजारणी, शाळकरी पोरी. एकेक पुढं सरकत होती. भाभीनं मला बघितलं होतं. मान हलवली, हसली आणि खाली बघून कामाला लागली. बायका माझ्याकडं वळून पट्टा बघून जात होत्या, "लई भारी शिवलाय" म्हणत होत्या. झाकण आपलं काम करत होतं. मी तिथं दिवसभर बसले असते तरी कुणी मला काही म्हटलं नसतं आणि कुणी हातही धरला नसता. जेवायची वेळ झाली असती, मी जेवले असते, घरी आले असते. हे मला स्पष्ट दिसलं.

एक शेजारीण उठली आणि दुसरी बसायच्या आत मी जाऊन भाभीपुढं बसले.

जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती म्हणाली, "अक्का." एवढंच.

भाभी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "घड्याळ काढा वैनी."

मी टिचबटणं उघडली. घड्याळ चादरीवर ठेवलं. मनगटावर पट्ट्याएवढी फिकट पट्टी उमटलेली होती, बाकी हात उन्हानं रापलेला. मी हात पुढं केला. भाभीनं तो धरला आणि डाव्या हातानं पेटीतलं खालचं खोकं ओढलं. चॉकलेटी, मातकट, बिनचमकीच्या बांगड्या. "ह्या घाला," ती हळू आवाजात म्हणाली. "आता सगळ्याच घालत्यात. कोण काय म्हणत न्हाय."

"बांगडी नको," मी म्हटलं.

"मग?"

"नुसता हात दाब. भरताना दाबतीस तसा."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "रिकामा?"

"रिकामा."

मागं ओळीत पोरी खोळंबल्या होत्या. भाभीनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. खोकं मागं सरकवलं आणि हाताला तेल लावून घेतलं. मग तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. अंगठा तळव्यात दाबला, मुळाचं हाड आत घेतलं, बोटं गोळा केली, सोडली, परत गोळा केली. मनगटापासून नखापर्यंत हात ओढून घेतला, जशी न दिसणारी बांगडी खरंच चढवत होती. तिचा हात गरम होता आणि खरखरीत. जुन्या काचांचे व्रण माझ्या कातडीला लागत होते.

"वैनी, हात लई आखडलाय," ती म्हणाली. "लई मशीन मारता व्हय?"

"मारते."

"पोरगी येत्या का?"

"येत्या. दिवाळीला आलती."

"सैल सोडा. सैल. हात हाय का वरवंटा?"

चादरीवर घड्याळ पालथं पडलं होतं. चारी बाजूंनी हिरव्या बांगड्यांचा ढीग आणि मध्ये ते दोन हिरवे दिवे, मनगट शोधत लुकलुकणारे. बघता बघता विझले. त्याला कळलं असावं की आपण हातावर नाही.

किती वेळ गेला मला माहीत नाही. भाभीनं हात सोडल्यासारखा केला तशी मी उठायला लागले. लोक खोळंबलेत, पुरे झालं, एवढंही कुणी देत नाही, असं मनात म्हणत होते. पदर सावरला, घड्याळाकडं हात नेला.

"कुटं निघालाय?" भाभी म्हणाली. "एकच हात भरून उठत्यात व्हय, वैनी? दुसरा आणा."

मी परत बसले. जाऊ दारातून आली आणि माझ्या मागं येऊन बसली. मी भाभीला दुसरा हात दिला आणि सगळ्यांच्या देखत रडले, त्या दिवशी न्हाणीघरात रडायचं राहिलं होतं ते. भाभी हात दाबत राहिली.